अजून एक पदार्थ, अजून एक पदार्थ!

बजेट कमी आहे म्हणायचं आणि रिसेप्शनच्या बुफे जेवणात १२ पदार्थ घालायचे, हे आता पुरे झालं. पदार्थ दुप्पट केले म्हणून प्रत्येकाचं प्रमाण निम्मं होत नाही हो! पाहुणा सगळंच थोडं थोडं वाढून घेतो, निम्मं आवडत नाही, ते ताटात तसंच राहतं. पैसे मात्र पूर्ण मोजलेले असतात.

सोबत दोन भाज्या, सॅलड आणि एक गोड असेल, तर माणशी ७५ ग्रॅम धरून १०० जणांना साडेसात किलो तांदूळ पुरतो. बास की!

आणि ते तळणीचं खूळ! झाकणाखाली वाफ धरते आणि बघता बघता सगळं मऊ पडतं. गरमागरम द्यायचं तर एक माणूस कढईपाशी अडकतो, त्याची मजुरी वेगळी. त्यापेक्षा रश्श्याची भाजी घ्या, ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवली की शेवटच्या पाहुण्यापर्यंत चांगली राहते.

महागाचा पदार्थ टेबलाच्या सुरुवातीला तर अजिबात मांडू नका. ताट रिकामं असताना हात सैल सुटतो. भात, सॅलड आधी. महागाचं शेवटी, आणि तिथे वाढायला माणूस उभा करा.