ओबामांच्या पहिल्या मतदारसंघात मतदारांना कधी विचारलं होतं?

आपल्याकडे ओबामांची गोष्ट सांगताना लोक २००४ च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातल्या त्या गाजलेल्या भाषणापासून सुरुवात करतात. मला त्याच्या आधीचं राजकारण जास्त रंजक वाटतं. इलिनॉय राज्याच्या सिनेटचा १३ वा मतदारसंघ. शिकागोच्या दक्षिण भागातला, हाइड पार्क आणि आसपासच्या वस्त्यांचा. ओबामा इथूनच पहिल्यांदा निवडून आले. या जागेचा गेल्या तीसेक वर्षांचा इतिहास वाचला की एक गोष्ट खटकत राहते. जागा रिकामी झाली की नवा माणूस कोण हे दर वेळी मतदारांच्या आधीच कुणीतरी ठरवून टाकलेलं असतं.

आधी थोडी ओळख. हे सिनेट म्हणजे आपली विधान परिषद नव्हे. इथे थेट लोकांनी मत द्यायचं असतं. राज्यात असे ५९ मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात खालच्या सभागृहाच्या दोन जागा असतात. १३ वा डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला. त्यामुळे खरी लढत पक्षांतर्गत निवडणुकीत, म्हणजे प्रायमरीत. नोव्हेंबरची निवडणूक उपचारापुरती.

रिचर्ड न्यूहाऊस नावाचे कृष्णवर्णीय वकील १९६७ ते १९९१ शिकागोच्या दक्षिण भागातून सिनेटवर होते. ताठ माणूस. १९७५ मध्ये शिकागोचे सर्वशक्तिमान महापौर डेली यांच्याविरुद्ध प्रायमरीत उभे राहिले आणि हरले. १९९१ मध्ये त्यांनी जागा सोडली तेव्हा मुदत संपायची होती. इलिनॉयमध्ये अशा वेळी लगेच पोटनिवडणूक होत नाही. ज्या पक्षाचा आमदार होता, त्या पक्षाचे स्थानिक वॉर्डप्रमुख बसतात आणि नवा आमदार नेमतात. आपल्या भागात पक्षाला जितकी मतं पडली असतील तितकं त्या वॉर्डप्रमुखाच्या मताला वजन. अशा नेमणुकीने अ‍ॅलिस पामर आल्या.

आता १९९५. शेजारचे काँग्रेस (म्हणजे अमेरिकेची संसद) सदस्य मेल रेनॉल्ड्स फौजदारी खटल्यात दोषी ठरले, त्यांची वॉशिंग्टनची जागा रिकामी झाली आणि पामर तिकडे लढायला निघाल्या. आपल्या जागेसाठी त्यांनी तरुण ओबामांना पुढे केलं, सप्टेंबरमध्ये स्वतः व्यासपीठावर उभं राहून त्यांची ओळख करून दिली. पण २८ नोव्हेंबरच्या प्रायमरीत जेसी जॅक्सन ज्युनियर जिंकले आणि पामर तिसऱ्या क्रमांकावर गेल्या. मग त्यांना जुनी जागा परत हवीशी वाटली. त्यांच्या समर्थकांनी ओबामांना माघार घ्यायला सांगितलं. ते हटले नाहीत.

इथून पुढचं सगळं कागदावर झालं. प्रायमरीच्या मतपत्रिकेवर नाव येण्यासाठी मतदारसंघातल्या ७५७ नोंदणीकृत मतदारांच्या सह्या लागत होत्या. पामर यांनी घाईघाईत १,५८० गोळा केल्या. म्हणजे दुपटीहून जास्त. ओबामांचे कार्यकर्ते निवडणूक मंडळाच्या कार्यालयात मतदार यादी घेऊन बसले आणि एकेक सही तपासू लागले. कुणी सही करण्याऐवजी सुट्या अक्षरांत नाव लिहिलेलं, कुणाचा पत्ता मतदारसंघाबाहेरचा, कुणाचं नाव यादीतून गळलेलं. मतदार याद्यांची नुकतीच साफसफाई झाली होती, त्यामुळे गळालेली नावंही बरीच. जानेवारी १९९६ मध्ये पामर यांनी अर्ज मागे घेतला. बाकीचे तिघेही याच छाननीत बाद झाले. त्यातल्या एकाच्या जवळजवळ एकोणीसशे सह्या होत्या, तरी तो ६९ सह्यांनी कमी पडला.

ओबामा प्रायमरीत बिनविरोध. नोव्हेंबरात ८२ टक्के मतं.

यात बेकायदा काहीही नाही. पण चार वर्षांपूर्वी याच माणसाने शिकागोत मतदार नोंदणीची प्रचंड मोहीम चालवून सुमारे दीड लाख नावं यादीत आणली होती, हे विसरता येत नाही. ज्या यादीसाठी घाम गाळला, तीच यादी हातात धरून त्याने लोकांसमोरचे पर्याय कमी केले. मला ओबामा आवडतात. हे मात्र पटत नाही. (पामर यांनाही पटलं नसावं. २००८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या लढतीत त्या ओबामांच्या नव्हे, हिलरी क्लिंटन यांच्या बाजूने होत्या.)

१९९८ मध्ये ओबामांना ८९ टक्के. २००० मध्ये मात्र काँग्रेससाठी तिथले विद्यमान सदस्य बॉबी रश यांच्या अंगावर गेले आणि सुमारे तीस टक्क्यांच्या फरकाने सपाटून हरले. त्या वेळी समोरचा उमेदवार कागदावर बाद होणारा नव्हता.

मग आला नकाशा. दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर मतदारसंघांची फेरआखणी होते. २००१ च्या वसंतात ओबामा पक्षाच्या नकाशातज्ज्ञाबरोबर संगणकासमोर बसले आणि स्वतःच्या मतदारसंघाच्या रेषा ओढू लागले. आधी पश्चिमेकडच्या गरीब वस्त्यांत शिरणारा १३ वा आता तलावाच्या काठाकाठाने उत्तरेला चढला, थेट गोल्ड कोस्टच्या श्रीमंत इमारतींपर्यंत. मोठ्या निवडणुकीसाठी पैसा देणारे लोक तिथेच राहत होते. आपल्याकडे मतदारसंघ कुठून कापायचा हे परिसीमन आयोग ठरवतो. त्यावर आपण कितीही बोटं मोडली, तरी आमदार स्वतः माउस हातात घेऊन बसत नाही.

दोन्ही पक्षांचं जमलं नाही तर काय? इलिनॉयच्या राज्यघटनेचं उत्तर आहे चिठ्ठी. नकाशा ठरवायला बसलेल्या दोन्ही पक्षांच्या आयोगात बरोबरी झाली की एका जादा सदस्यासाठी दोन्हीकडचं एकेक नाव टाकायचं आणि एक काढायचं. १९९१ मध्ये चिठ्ठी रिपब्लिकनांच्या बाजूने निघाली. सप्टेंबर २००१ मध्ये लिंकनच्या उंच टोपीच्या प्रतिकृतीतून शिकागोचे माजी डेमोक्रॅट महापौर बिलँडिक यांचं नाव निघालं आणि डेमोक्रॅट्सचा नकाशा लागू झाला. २००२ मध्ये ओबामा बिनविरोध आले. पुढच्या वर्षी सभागृहही पक्षाच्या ताब्यात गेलं, आणि सहा वर्षं अल्पमतात बसलेल्या या आमदाराची विधेयकं धडाधड मंजूर होऊ लागली. खुनाच्या प्रकरणांत पोलिसी चौकशीचं चित्रीकरण सक्तीचं करणारा कायदा त्यातलाच.

२००४ च्या नोव्हेंबरात ओबामा अमेरिकी सिनेटवर गेले. पुन्हा वॉर्डप्रमुख बसले, क्वामे राऊल यांना नेमलं. ते २०१८ मध्ये राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल निवडून आले. पुन्हा नेमणूक, रॉबर्ट पीटर्स. हे लोक नंतर निवडणुका लढले, जिंकलेही. पण नावापुढे सिनेटर लागल्यावर लढणं आणि कोरी पाटी घेऊन लढणं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे आपल्याकडच्या सरपंचालाही कळतं.

आणि हे फक्त शिकागोत होतं असं नाही. आपले बेळगावचे श्री थानेदार डेट्रॉइटहून काँग्रेसवर निवडून गेलेत. २०२४ च्या प्रायमरीत त्यांच्यासमोर अ‍ॅडम होलियर होते, मिशिगनच्या राज्य सिनेटचे माजी सदस्य. २०२२ मध्येही दोघे एकमेकांविरुद्ध लढले होते. थानेदारांच्या बाजूने होलियर यांच्या सह्यांना आव्हान दिलं. हव्या होत्या १,०००, वैध निघाल्या ८६३. होलियर मतपत्रिकेबाहेर गेले आणि ऑगस्टमध्ये थानेदार जिंकले. तिथे खोट्या सह्यांचं प्रकरण होतं, त्यामुळे छाननी हवीच हे मलाही मान्य आहे. पण सह्या गोळा करणाऱ्यांचा लबाडपणा असो की घाई, शिक्षा मतदाराला का? कमी पडलेल्या सह्या भरून द्यायला आठवडाभर मुदत द्यावी. आणि जागा रिकामी झाली की वॉर्डप्रमुखांच्या बैठकीऐवजी सरळ पोटनिवडणूक घ्यावी. आपल्याकडे ती होते, खर्चिक असली तरी.

शौचालयाचा दाखला किंवा जात पडताळणीचा कागद यावरून ग्रामपंचायतीचे अर्ज बाद झालेले तुमच्या गावात असतीलच. छाननीच्या दिवशी नक्की काय झालं, ते कमेंटमध्ये लिहा. फक्त चालू निवडणुकीतली नावं घेऊ नका, भांडणं होतात.