आजोबांचे बत्तीस दात

अमेरिकेतल्या डेंटल कॉलेजांना गेल्या वर्षी प्रवेशासाठी धाडलेल्या निबंधात मी आजोबांचे सगळे दात पाडले होते. 'बोळक्या तोंडानं भाकरी चघळणारे आजोबा पाहून माझ्यातली दंतवैद्य जागी झाली,' असं पहिलंच वाक्य. खरं तर आजोबा 81 वर्षांचे आहेत, बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर आणि ऊस अजून दातांनी सोलतात. सहाच्या सहा कॉलेजांनी नकार कळवला, घरात चौकशी समिती बसली आणि निबंध आजोबांच्या हाती लागला.

आजोबा नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी कागद सवयीनं आधी उजेडाकडे धरला, मग वाचला.

"अगं, उभी हयात नोटा छापण्यात गेली, एक खोटी निघाली नाही. आणि तू माझं बोळकं छापलंस?"

तर आता दुसरा निबंध. बाकी सगळं तयार आहे. आयएनबीडीईचे, म्हणजे तिकडच्या दंतवैद्यकीच्या परवाना परीक्षेचे, 500 प्रश्न सोडवून झाले, माझ्यासारख्या बाहेर शिकलेल्या दंतवैद्यांसाठी असलेल्या 'कॅपिड' या वेबसाइटवर अर्ज भरून झाला. दातांना नंबर द्यायची तिकडची पद्धत वेगळी, त्यामुळे इकडची 46 नंबरची दाढ तिकडे 30 नंबरची होते, हेही पाठ झालं. (विमानात बसलं की दाढ सोळा वर्षांनी तरुण होते. माणसांचं असं काही होत नाही.) अडलंय ते एका प्रश्नावर: दंतवैद्यच का?

नीटच्या 180 प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. असता तर आमच्या निम्म्या वर्गानं एकच उत्तर लिहिलं असतं, एमबीबीएस हुकलं म्हणून. शिवाय दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्यानं वर्षभरात आपली काय प्रगती झाली तेही सांगायचं असतं. कॉलेज रोडवर मी जिथे नोकरी करते त्या गल्लीत दातांचे दवाखाने तीनाचे पाच झाले, ही प्रगती धरतात का, कल्पना नाही.

आई म्हणाली, "चौथीत वक्तृत्वात पहिली आली होतीस, ते घाल." बाबा म्हणाले, "काहीही लिही, फक्त कर्जाचा आकडा नको." दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या ताई म्हणाल्या, "मॅडम, खरं तेच लिहा ना." खरं म्हणजे काय? रूट कॅनालचा खर्च ऐकून "आणि उपटायचे किती?" विचारणारे पेशंट? की दिंडोरीहून येणाऱ्या त्या आजी? मिश्री सोडा म्हटलं तर म्हणाल्या, "बाई, दात काय, आज ना उद्या पडायचेच. मिश्री शेवटपर्यंत साथ देते." हे मी लिहिलंही. पण मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, आणि ती आजी दात घासायला वापरतात, हे इंग्रजीत समजावण्यात अर्धा निबंध संपला. वाचून मलाच वाटलं, ही बाई दवाखाना चालवते की अड्डा?

रात्री अकराला मी कोऱ्या पडद्यासमोर बसलेले. शेजारी आजोबा चिवडा खात, देखरेखीला. "माझं नाव येणार नाही ना?" दर दहा मिनिटांनी.

आणि कट्टकन आवाज आला.

आजोबांनी तोंडात बोट घातलं, दाताचा एक तुकडा काढून तळहातावर ठेवला. मी मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. उजवीकडची खालची पहिली दाढ, कोपरा साफ गेलेला. दुखत नव्हतं, पण चेहरा असा, की छापखान्यातला अख्खा गठ्ठा रद्द झाला असावा. मी आधी दात तपासायच्या आरशाकडे धावले की लॅपटॉपकडे, याबद्दल आईचं आणि माझं एकमत नाही.

आजोबा थोडा वेळ तुकड्याकडे बघत राहिले. मग चष्मा सारखा करत म्हणाले,

"आता लिही. पण एकच दाढ हं. आणि नंबर 30 टाक, त्यांना 46 कळायची नाही."