रोग रेड्याला, औषध पखालीला : एका त्रस्त वाचकाला उत्तर

नमस्कार,

प्रतिक्रियेखाली नाव नाही, नुसतं 'एक त्रस्त वाचक' आहे. तेव्हा त्याच नावाने हाक मारतो, राग नसावा.

बाकीच्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. जुने गेम नव्या विंडोजवर कसे चालवायचे यावर मी मागे लिहिलं होतं. ते वाचून यांनी माळ्यावरचा सीडींचा डबा खाली काढला. मी सांगितल्याप्रमाणे राईट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, 'विंडोज ९८' वर टिक, सगळं केलं. प्रिन्स ऑफ पर्शियाने 'हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही' म्हणत हात वर केले. नीड फॉर स्पीड अंडरग्राउंड, तीही दुकानातून पैसे मोजून आणलेली ओरिजिनल सीडी, इन्स्टॉल झाला. पण डबल क्लिक केलं की नुसती शांतता. रविवार गेला, मुलासमोर फजिती झाली ती वेगळी. मग यांचं म्हणणं असं, की मायक्रोसॉफ्टने नवं खपवायला जुनं मुद्दाम मारलं आणि माझ्यासारखे लोक त्यावर पांघरूण घालतात. त्यापेक्षा नेटवर कुणीतरी तयार करून ठेवलेला गेम उतरवला असता तर पाच मिनिटांत काम झालं असतं.

रविवारचं पाप माझ्या माथी. 'आधी कंपॅटिबिलिटी मोड लावून बघा, बहुतेक गेम चालतात' असं मी एका ओळीत उरकलं होतं. सब घोडे बारा टक्के. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर १९९८ ते २००२ च्या आसपासचे विंडोजचे गेम होते, आणि तुम्ही डब्यातून पहिला काढलात तो डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायच्या जमान्यातला प्रिन्स.

कंपॅटिबिलिटी मोड ही विंडोजने गेमला मारलेली थाप असते. गेम विचारतो, 'इथे विंडोज कुठलं?' विंडोज ११ बेधडक सांगतं, '९८'. कित्येक गेमना तेवढं पुरतं, कारण त्यांच्या प्रोग्रॅमरने 'ओळखीची आवृत्ती दिसली नाही तर बंद पड' एवढंच लिहून ठेवलेलं असतं. शिवाय काही ठरावीक मागण्या परस्पर भागवल्या जातात, म्हणजे कमी रंग, ६४० बाय ४८० चा पडदा, ॲडमिनचे हक्क वगैरे. पण थाप ऐकायला गेम आधी सुरू तर व्हायला हवा! तुमचा प्रिन्स दारातच अडला.

प्रिन्सची डॉसवरची आवृत्ती १९९० ची, १६ बिटची (प्रोसेसर एका घासात किती मोठा आकडा गिळतो, त्याचं हे माप). ३२ बिट विंडोज असे प्रोग्रॅम चालवायचं ते प्रोसेसरमधल्या 'व्हर्च्युअल ८०८६' नावाच्या सोयीच्या जिवावर. प्रोसेसर ६४ बिट मोडमध्ये गेला की ती सोय मिळत नाही. ही ६४ बिट रचना एएमडी या प्रोसेसर कंपनीची. तिचे पहिले प्रोसेसर २००३ साली आले आणि इंटेलनेही पुढे तीच उचलली. विंडोज ११ ची तर ३२ बिट आवृत्तीच निघाली नाही. तुम्ही विंडोज ९८ वर टिक करा नाहीतर एक्सपीवर, खालचं लोखंड बदलत नाही.

आता 'मुद्दाम मारलं' या आरोपाबद्दल. इथे मी निम्मा तुमच्या बाजूने आहे. विंडोज एनटी एकेकाळी अल्फा आणि मिप्स या अगदी वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवरही चालायचं आणि तिथे डॉसचे प्रोग्रॅम चालवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने इंटेलच्या प्रोसेसरची नक्कल सॉफ्टवेअरमध्ये केली होती. म्हणजे ६४ बिटवरही ते करता आलं असतं. त्यांनी कष्ट घेतले नाहीत. पण कष्ट न घेणं वेगळं आणि मुद्दाम मारणं वेगळं. याच कंपनीच्या लोकांनी विंडोज ९५ च्या वेळी सिमसिटी या गेमसाठी काय केलं ते ऐका. सिमसिटी एकदा परत केलेली मेमरी पुन्हा वाचायचा, म्हणजे खोली सोडून किल्ली दिल्यावरही मागच्या दाराने आत यायचा. विंडोज ३ च्या काळात त्या मेमरीला मधल्या मध्ये कुणी हात लावत नसे, त्यामुळे खपून गेलं. ९५ वर तो कोसळायला लागला. चूक सरळसरळ गेमची. तरी विंडोज ९५ मध्ये खास कोड घातला गेला, की सिमसिटी चालू आहे असं दिसलं तर मेमरी लगेच मोकळी करायची नाही. जुनं मारायला बसलेले लोक असले उद्योग करत नाहीत.

असो. प्रिन्सचा उपाय डॉसबॉक्स. २००२ पासून आहे, फुकट आहे, आणि तो विंडोजला गळ घालत बसत नाही. अख्खा जुना पीसी, म्हणजे प्रोसेसर, साउंड कार्ड, डिस्प्ले, सगळं सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो. प्रिन्सचा फोल्डर सीडीवरून हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि त्यातली प्रिन्सची मुख्य फाईल उचलून डॉसबॉक्सच्या आयकॉनवर नेऊन टाका. कमांड लिहायचीही गरज नाही. अर्थात कंप्युटर क्लासात 'प्रिन्स मेगाहिट' टाइप करून लेव्हली उडवत जाणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर काळ्या पडद्यावर हाताने टाइप करण्यातच मजा आहे, हे मला मान्य आहे.

डॉसबॉक्समध्ये गेम धावत सुटला किंवा रांगायला लागला तर कंट्रोल आणि एफ११ ने वेग कमी होतो, कंट्रोल आणि एफ१२ ने वाढतो. लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागेल. ही गोष्ट मी त्या लेखात गाळली होती आणि ती गाळायला नको होती, कारण जुन्या गेमचं निम्मं दुखणं वेगाचं असतं. जुन्या कॅबिनेटवरचं 'टर्बो' बटण आठवतंय? आम्हाला वाटायचं की ते दाबलं की मशीन फास्ट होतं. खरं तर त्याचा उपयोग मशीन हळू करण्यासाठी होता, कारण कित्येक गेम घड्याळाकडे न बघता प्रोसेसर जेवढा पळेल तेवढे पळायचे.

यातलं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण 'रनटाइम एरर २००' चं. बोरलँड कंपनीच्या पास्कल या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले बरेच गेम आणि प्रोग्रॅम नव्या मशीनवर सुरू होताक्षणी हा आकडा दाखवून मरायचे. त्या पास्कलमध्ये 'जरा थांब' अशी एक सोय होती. किती थांबायचं हे कळावं म्हणून प्रोग्रॅम सुरुवातीलाच मशीनचा वेग मोजायचा. घड्याळाच्या एका टिकेत, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, एक रिकामी फेरी किती वेळा मारता येते ते मोजायचं आणि आलेल्या संख्येला ५५ ने भागायचं. ४८६ वर सगळं ठीक. पण साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढचे प्रोसेसर आले आणि फेऱ्या इतक्या व्हायला लागल्या की भागाकार १६ बिटांच्या कप्प्यात मावेना. प्रोसेसरने तक्रार केली आणि पास्कलने तिचा अर्थ लावला 'शून्याने भागलं'. शून्य कुठेच नव्हतं! मशीन फार वेगवान झालं एवढाच गुन्हा. डॉसबॉक्सचा वेग उतरवला की हा एरर जातो. विंडोजमध्ये हजार टिका करून जाणार नाही.

तुमचा अंडरग्राउंड २००३ चा, चांगला ३२ बिट, त्याला वरचं काहीच लागू नाही. त्याचं दुखणं सीडीत आहे. ओरिजिनल सीडीवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. सीडी खरी की कॉपी, हे तपासायला ते विंडोजच्या अगदी गाभ्यात एक ड्रायव्हर चालवायचं. त्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेची भोकं निघाली, एक तर २००७ मध्येच बुजवावं लागलं होतं. विंडोज १० मध्ये तो ड्रायव्हर ठेवलाच नाही. विंडोज ७ वर सप्टेंबर २०१५ च्या एका अपडेटने तो बंद केला, पण काढून टाकला नाही. परिणाम असा की ज्याने पैसे देऊन सीडी घेतली तोच बाहेर राहिला आणि कुलूप तोडलेली सीडी रस्त्यावर पन्नास रुपयांत घेणारा आजही खेळतोय. इथे तुमचा संताप शंभर टक्के रास्त आहे. फक्त तो ड्रायव्हर काढला म्हणून मायक्रोसॉफ्टवर काढू नका. गाभ्यातलं ते भोक मलाही माझ्या मशीनवर नको आहे.

तुम्ही प्रतिक्रियेत ओझरतं लिहिलंय की घरात विंडोज ७ चा एक जुना डेस्कटॉप पडून आहे. तो भंगारात देऊ नका. त्याची नेटची वायर काढा, ॲडमिन म्हणून सेफडिस्कची सर्व्हिस, म्हणजे तोच बंद केलेला ड्रायव्हर, चालू करा, खेळा आणि झाल्यावर बंद करा. गेम त्याच्या काळाजवळच्या मशीनवर चालवणं हा कमीपणा नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये (कंप्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या कंप्युटरमध्ये) एक्सपी टाकून बघा असं कुणीतरी सुचवेलच. थ्री-डी रेसिंगसाठी तो नाद मी केला आणि सोडला.

त्याच डेस्कटॉपवर एज ऑफ एम्पायर्स २ लावलात आणि पाणी लालभडक, गवत जांभळं दिसलं तर घाबरू नका. गेमची २५६ रंगांची पेटी विंडोजचा एक्सप्लोरर, म्हणजे डेस्कटॉप आणि फोल्डर दाखवणारा प्रोग्रॅम, हिसकावून घेतो. टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून गेम सुरू केला की रंग जागेवर येतात. मी या भानगडीत एकदा ग्राफिक कार्ड बदलायला निघालो होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. नव्या मशीनवर अशा दुखण्यांना डीजीवूडू नावाचा प्रोग्रॅम चांगला. तो गेमच्या जुन्या डायरेक्टएक्स (विंडोजमधली चित्र-आवाजाची सोय) मागण्यांचा नव्या भाषेत दुभाष्या होतो, आणि त्याच्या फायली फक्त गेमच्या फोल्डरमध्ये टाकायच्या असतात. आणखी एक, गेम ३२ बिट पण इन्स्टॉलर १६ बिट अशीही जोडी नव्वदच्या दशकातल्या सीडींवर सर्रास सापडते. इन्स्टॉल होत नाही म्हणून गेमला शिव्या देण्याआधी तेवढं बघा.

राहिला 'उतरवून घ्या' हा मुद्दा. सोवळेपणाचा आव आणणार नाही; आमच्या क्लासातला प्रिन्स कुणी विकत आणलेला नव्हता, फ्लॉपीवरून फ्लॉपीवर आला होता. पण 'आता कुणी विकत नाही म्हणून फुकट' अशी कायद्यात जागा नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ रीतसर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला बॅकअप घेऊ देतं, म्हणजे तुमच्याच सीडीचा. तो आजच घ्या, सीड्या कुजतात. (सेफडिस्कवाल्या साध्या पद्धतीने कॉपी होणार नाहीत, त्यांच्यावर वाचता न येणारे भाग मुद्दाम ठेवलेले असतात.) बरेच जुने गेम जीओजी या गेम विकणाऱ्या साईटवर २००८ पासून डॉसबॉक्स आतच लावून रीतसर विकत मिळतात. कायदा बाजूला ठेवला तरी, कुणा अनोळखी माणसाने 'दुरुस्त' केलेली फाईल ॲडमिनचे हक्क देऊन मुलाच्या लॅपटॉपवर चालवणार का, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी चालवत नाही.

मूळ लेखातली ती ओळ काढली आहे. आता पहिला प्रश्न 'गेम डॉसचा की विंडोजचा' हा आहे, आणि कंपॅटिबिलिटी मोड चौथ्या परिच्छेदात ढकललाय.

आणि हो, प्रिन्स चालू झाल्यावर माउस डॉसबॉक्समध्ये अडकून बसला तर लॅपटॉप बंद करू नका, मी दोनदा केलाय. कंट्रोल आणि एफ१० दाबा, सुटतो.