दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: जुन्या प्रेस, लाइट कर्टन आणि बायपासची चावी

नमस्कार साहेब,

तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमच्या कंपनीचं नाव मी इथे घेत नाही. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी मुद्दा थोडक्यात सांगतो. भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये आम्ही न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचच्या पॉवर प्रेसवर लाइट कर्टन (दोन खांबांमधला किरणांचा पडदा, हात आत गेला की थांबायचा सिग्नल देतो), दोन हातांचं कंट्रोल आणि बाजूचे गार्ड बसवले. साहेबांचं म्हणणं असं: शॉपमधल्या दोन जुन्या प्रेसवर कर्टन लावायला आम्ही नकार दिला. जिथे लावला तिथे डायपासून (जॉबला आकार देणाऱ्या साच्यापासून) इतका लांब लावला की ऑपरेटरचा हात मंदावला. बायपासची, म्हणजे कर्टन बंद ठेवून प्रेस चालवायची, चावी मागूनही दिली नाही. सर्व्हिसला आलेल्या आमच्या मुलाने सगळ्यांसमोर जंपर (कर्टनला वगळणारा वायरचा तुकडा) काढला आणि सुपरवायझरचा अपमान झाला. बिल जास्त. आणि शेवटी, 'भीती दाखवून माल खपवतात.'

जुन्या दोन प्रेसपासून सुरुवात करतो, कारण 'दुसरा व्हेंडर लगेच लावून द्यायला तयार आहे' हे तुमचं वाक्य वाचून मला खरोखर काळजी वाटली.

त्या दोन्ही प्रेस पिन क्लचच्या आहेत. पॅडल दाबलं की पिन फ्लायव्हीलमध्ये अडकते, क्रँक पूर्ण फेरी मारतो आणि रॅम (डायवर दाब देणारा, वर-खाली जाणारा भाग) वरच्या टोकाला परत आल्यावरच पिन सुटते. मध्येच थांबायची सोय त्या रचनेतच नाही. मोटर बंद केली, अगदी मेन स्विच पाडला, तरी फ्लायव्हीलमध्ये साठलेली ताकद रॅमला खाली आणतेच. आता कर्टन काय करतो ते पाहा. किरण तुटला की तो आपलं आउटपुट बंद करतो, बस. हात दिसतो तो कर्टनला, रॅम थांबवतो तो ब्रेक. ज्या प्रेसला अर्ध्या स्ट्रोकमध्ये थांबताच येत नाही, तिच्यावर कर्टनचा दिवा लाल होईल आणि रॅम तरीही हातावर येईल.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. आज तुमचा ऑपरेटर त्या प्रेसला घाबरून चिमट्याने जॉब ठेवतो. उद्या समोर पिवळे खांब उभे राहिले, हिरवा दिवा लागला, की त्याला वाटणार सेन्सर आहे, आता भीती नाही. तो चिमटा बाजूला ठेवून हात घालणार. मशीन होतं तेवढंच धोकादायक राहिलं आणि माणूस मात्र बेसावध झाला. अमेरिकेत ओशा या सरकारी कामगार-सुरक्षा संस्थेच्या प्रेसविषयीच्या १९१०.२१७ या नियमात पूर्ण फेरीच्या क्लचवर असं उपकरण वापरायचं नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण तो नियम नसता तरी मी लावलं नसतं. साहेब, मी कर्टन विकूनच पोट भरतो. दोन कर्टन जास्त गेले असते तर पैसे माझ्याच खात्यात आले असते. माल खपवायचा असता तर नकार कशाला दिला असता?

नकार देऊन आम्ही हात झटकले नाहीत, हेही इथे लिहायला हवं. आमच्या कोटेशनमध्ये त्या दोन प्रेससाठी दोन पर्याय होते. पहिला, डायभोवती बंद फिक्स गार्ड. त्यात फक्त पट्टी सरकवण्याची फट राहते आणि ती किती रुंद, डायपासून किती लांब, हे आयएसओ १३८५७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तक्त्यावरून ठरतं. फट १० मिमीपर्यंत असेल तर ती धोक्याच्या जागेपासून निदान ८० मिमी दूर हवी. दुसरा पर्याय, प्रेसचा क्लचच बदलून न्यूमॅटिक क्लच-ब्रेक करणं. दुसरा महाग आहे आणि इतक्या लहान प्रेसवर तो खर्च परवडत नाही, असं मी स्वतःच तुम्हाला म्हणालो होतो. पहिला तुमच्या पट्टीच्या कामाला चांगला बसतो. 'ऑपरेटरला ट्रेनिंग दिलंय, बोर्ड लावलाय' एवढ्यावर भागत नाही. आयएसओ १२१००, म्हणजे आपल्याकडचं आयएस १६८१९, यात क्रमच ठरलेला आहे: आधी मशीनच्या रचनेतून धोका काढा, मग गार्ड आणि संरक्षक उपकरणं, आणि उरलेल्या धोक्यासाठी सूचना.

आता अंतर. कर्टन कुठे उभा करायचा हे आमच्या मर्जीवर नसतं. आयएसओ १३८५५ मध्ये हाताचा वेग २००० मिमी प्रतिसेकंद धरलाय. तुमच्या एका प्रेसचा हिशेब सगळ्यांसमोर मांडतो. स्टॉप-टाइम मीटर लावून, रॅम जोरात खाली येत असताना, पुन्हा पुन्हा मोजलं आणि सगळ्यांत वाईट आकडा धरला: १८० मिलिसेकंद. कर्टन आणि सेफ्टी रिलेचे (कर्टनचा सिग्नल घेऊन प्रेसला थांबवणाऱ्या उपकरणाचे) ३० धरून २१०. म्हणजे किरण तुटल्यापासून रॅम थांबेपर्यंत हात ४२० मिमी पुढे जाऊ शकतो. म्हणून कर्टन ४२० वर. बोट ओळखणारा १४ मिमीचा (एवढी बारीक वस्तूही पकडणारा) कर्टन घेतला म्हणून एवढ्यावर भागलं. स्वस्तातला ३० मिमीचा घेतला असता तर त्याच हिशेबाने किमान ५०० मिमीवर जावं लागलं असतं. तुम्हाला कर्टन १५० वर हवा होता. १५० मिमी जायला हाताला ७५ मिलिसेकंद लागतात. हात डायमध्ये पोहोचल्यानंतरही रॅम १३५ मिलिसेकंद चालतच राहिला असता.

वेग कमी झाला, ही तुमची तक्रार मात्र खरी आहे आणि मी ती टाळत नाही. जॉबमागे हाताला जास्त अंतर जावं लागतं, शिफ्टअखेर नग कमी भरतात, आणि जॉबवर्कच्या धंद्यात त्यावरच सगळं चालतं. म्हणूनच रॅम वर जाताना कर्टन तेवढ्यापुरता म्यूट (निष्क्रिय) होईल अशी वायरिंग दिली आहे, म्हणजे परतीच्या स्ट्रोकमध्येच जॉब काढता येतो. ही सोय नवीन ऑपरेटरांना कोणी दाखवलेली नाही, असं सर्व्हिस रिपोर्टमध्ये नोंदलंय. दुसरा उपाय ब्रेकमध्ये आहे. थांबण्याच्या वेळेतले १० मिलिसेकंद वाचले की कर्टन २० मिमी आत येतो. तुमच्या त्या प्रेसचं ब्रेक लायनिंग झिजलेलं आहे आणि त्यावर तेल उडतं. लायनिंग बदलून एकूण वेळ १५० वर आली तर कर्टन ३०० मिमीवर आणता येईल. ते काम तुमचा नेहमीचा फिटर करू शकतो, आम्हालाच द्यायला हवं असं नाही. नंतरची मोजणी मात्र आमच्याकडून करून घ्या. आणि जवळ आणण्याचा हा मार्ग उलटाही चालतो, हे विसरू नका: लायनिंग झिजत गेलं की आजचे ४२० उद्या अपुरे पडतात. म्हणून वेळोवेळी मोजायचं.

बायपासची चावी. डाय सेट करताना प्रेस हळूहळू सरकवावी लागते, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यासाठी पॅनलवर मोड सिलेक्टर आहे आणि त्याची चावी तुमच्या सुपरवायझरकडेच आहे. त्या मोडमध्ये दोन्ही बटणं धरून ठेवली तरच रॅम सरकतो, एक जरी सोडलं तरी थांबतो. तुम्ही मागत होता ती चावी वेगळी: कर्टन बंद आणि प्रेस पूर्ण वेगात. अशी चावी एकदा पॅनलला लागली की ती तिथेच राहते. रात्रीच्या शिफ्टला गाडी खाली उभी असते, माल जायचा असतो, आणि कोणीतरी ती फिरवतो. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २१ मध्येच लिहिलं होतं की मशीनचा धोकादायक भाग चालू असेपर्यंत त्याचं संरक्षण जागेवर राहिलं पाहिजे. ते काढायची सोय मी माझ्या हाताने बसवून देणार नाही.

जंपरचं आता. आमचा मुलगा आला तेव्हा एका सेफ्टी रिलेच्या दोन्ही इनपुटला थेट २४ व्होल्ट दिलेले होते. कर्टनचा दिवा हात घातल्यावर लाल होत होता, काढल्यावर हिरवा. रिलेपर्यंत काहीच पोहोचत नव्हतं. ऑपरेटरला हे बाहेरून कळण्याचा काही मार्ग नाही. टाइप ४ चा (वरच्या सुरक्षा दर्जाचा) कर्टन स्वतःतला बिघाड स्वतः पकडतो, दोन चॅनल एकमेकांवर नजर ठेवतात, पण ही सगळी मेहनत दोन वायरच्या तुकड्यांनी शून्य होते. जंपर लावण्यामागचं कारण वाईट नव्हतं, हेही मला माहीत आहे. प्रेसच्या हादऱ्याने कर्टनची सरळ रेषा बिघडली होती, विनाकारण ट्रिप येत होता. त्या मुलाने अलाइनमेंट केलं, रबराचे माउंट बदलले, टेस्ट पीस फिरवून दाखवला आणि मग प्रेस चालू करून दिली. तुमचा सुपरवायझर मेहनती माणूस आहे, उत्पादनाचा सगळा ताण त्याच्या डोक्यावर असतो. पण ही गोष्ट ऑपरेटरपासून लपवून, केबिनमध्ये सांगण्यासारखी नव्हती. हात ऑपरेटरचा आहे. आमच्या मुलांना मी हेच शिकवलंय आणि यापुढेही ती असंच करतील.

बिलात कर्टनखेरीज बाजूचे आणि मागचे गार्ड, कर्टन आणि डायमध्ये कोणी उभं राहू नये म्हणून लावलेले आडवे पाइप आणि मोजणीचा रिपोर्ट आहे. सगळं कोटेशनमध्ये ओळीओळीने होतं, आकडे बदललेले नाहीत.

राहिली भीती. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात कोणतं बोट गेलं की कमावण्याची ताकद किती टक्के गेली, याचा तक्ता होता. पूर्ण तर्जनी १४ टक्के. अंगठा ३०. एका हाताची चारही बोटं ५०. असा तक्ता करावा लागला, इतकी बोटं जात होती. आणि अजूनही जातात: सेफ इन इंडिया ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगाच्या पुरवठादार कारखान्यांतल्या अपघातांचे अहवाल काढते, त्यात पॉवर प्रेस पुन्हा पुन्हा पुढे येते. बोटं गेलेली बहुतेक मुलं विशी-तिशीतली, बाहेरगावाहून आलेली, कंत्राटावरची. तुमच्याकडे लातूर-नांदेडकडची मुलं आहेत, त्यांच्याशी माझं बोलणं झालंय. हे मी आधीही सांगितलं, पुढेही सांगणार. त्याला कोणी भीती दाखवणं म्हटलं तरी चालेल.

तुमचं स्टारचं रेटिंग तुम्ही ठेवा, त्याबद्दल माझी काही मागणी नाही. मागणी दुसरी आहे. त्या दोन पिन क्लच प्रेसवर कोणाकडूनही कर्टन लावून घेऊ नका, आणि फिक्स गार्ड बसेपर्यंत त्यांच्यावर हाताने जॉब ठेवायचं काम देऊ नका, पट्टीचंच द्या. गार्डचं माप घ्यायला प्रत्येक डाय एकदा प्रेसवर चढवून पाहावी लागेल. कोणत्या दिवशी डाय बदलणार आहात ते आदल्या दिवशी ऑफिसच्या नंबरवर कळवा, माप घ्यायला मी स्वतः येतो. मापाचे पैसे नाहीत. ड्रॉइंग तुम्हाला देऊन टाकीन, गार्ड हवं त्या फॅब्रिकेटरकडून करून घ्या.