गंधक कमी, मग एफजीडी कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्रावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय की, आपल्या कोळशात गंधक अर्धा टक्कासुद्धा नाही, बॉयलर सुपरक्रिटिकल (खूप जास्त दाब-तापमानावर चालणारे) आहेत, ईएसपी (धुरातली राख विजेच्या जोरावर पत्र्यांवर ओढून पकडणारं यंत्र) आहे. मग एफजीडीचा (धुरातला गंधकाचा वायू काढून टाकणाऱ्या यंत्रणेचा) खर्च ग्राहकांच्या बोकांडी कशाला? वर 'घाबरवायचा धंदा' हा टोमणाही.

आधी माझी चूक. एफजीडी बसलं की गच्चीवरची राख थांबेल, असं त्या लेखातून ध्वनित होत होतं. ते साफ चुकलं. राख पकडणं हे ईएसपीचं काम, एफजीडी गंधकाच्या वायूसाठी.

आता गंधकाचं बघू. तुमचा टक्का बरोबर आहे, पण तो कशाचा ते बघा. कोराडीचा 660 मेगावॉटचा एक संच पूर्ण भारावर ताशी साधारण 400 टन कोळसा खातो. गंधक 0.4 टक्के धरलं तर 1.6 टन. जळताना त्याला तेवढ्याच वजनाचा ऑक्सिजन चिकटतो, म्हणजे तासाला सुमारे 3 टन सल्फर डायऑक्साइड. दिवसाचे सत्तरएक टन, आणि असे संच तिथे 3. सुपरक्रिटिकल बॉयलर विजेच्या एका युनिटमागे कोळसा कमी जाळतो हे खरं, पण जो जाळतो त्यातलं गंधक कुठे जाणार? उंच चिमणी ते फक्त लांब नेऊन सोडते. वाटेत त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात, आणि ते धूर ईएसपीतून बाहेर पडल्यानंतर, हवेतच तयार होतात.

गंमत म्हणजे कमी गंधकाचा कोळसा ईएसपीला मानवत नाही. राखेचा विद्युतरोध वाढतो, ती पत्र्यांना घट्ट चिकटते, ती झटकायला बसवलेल्या हातोड्यांच्या ठोक्यांनीही सुटत नाही. त्यात आपल्या कोळशात राख 35-40 टक्के. मी एका केंद्रात देखभालीला होतो. ईएसपीखालचा, राख साठणारा तुंबलेला हॉपर उघडला की गरम राख पाण्यासारखी वाहत यायची, बघता बघता बूट बुडायचे. तेवढ्यापुरतं ईएसपीचं ते फील्ड (राख पकडणारा एक विभाग) बंद, संच मात्र चालू!

खर्चाचं तुमचं म्हणणं मान्य. चुनखडीवरचं एफजीडी केंद्राची एक-दीड टक्का वीज स्वतःच खातं. संचामागे तासाला 5 टन चुनखडी आणायची, त्यातून तयार होणारं आठ-साडेआठ टन जिप्सम उचलायचं. किनाऱ्यावरच्या डहाणू वीज केंद्रात 2007 मध्ये एफजीडी सुरू झालं, तिथे हे काम समुद्राचं पाणी करतं. विदर्भात ती सोय नाही. पण वीज केंद्रांच्या धुरासाठीच्या 2015च्या नियमांना आधी मुदतवाढीवर मुदतवाढ आणि मग जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक संचांना एफजीडीतून सूट, याला मी नियोजन म्हणणार नाही.

आणि हो, गच्चीवर पुन्हा राख दिसली तर एफजीडीचं विचारू नका. त्या रात्री ईएसपीची किती फील्ड चालू होती, ते विचारा.