‘बफर म्हणजे दुकानदारी’ लिहिणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसले होते, पण रागात लिहिलेलं नंतर आपल्यालाच वाचवत नाही म्हणून थांबले. दोन दिवस झाले, राग आहे तिथेच आहे. तेव्हा आता लिहितेच.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. आपली यंत्रं मागे लोखंडी मांडणीत, म्हणजे रॅकमध्ये, ठेवून गिटार वाजवणाऱ्याने वाह पेडल (पायाने हलवून ‘वाऽह’ असा आवाज काढायचं पेडल) कसं जोडावं, यावर माझा मागचा लेख होता. गिटारची केबल आधी पायाजवळच्या वाहमध्ये, वाहला लागूनच एक छोटा बफर (गिटारच्या अशक्त सिग्नलला लांब केबल ओढायची ताकद देणारं सर्किट), आणि तिथून लांब केबलने मागे रॅकमधल्या प्रीअँपच्या (सिग्नल आधी मोठा करणाऱ्या यंत्राच्या) इनपुटला, असं मी सांगितलं होतं. त्यावर भाऊ लिहितात: "ताई, काहून एवढा पसारा मांडून राहिल्या? बफर म्हणजे निव्वळ दुकानदारी. वाह प्रीअँपच्या लूपमध्ये टाका, नाहीतर सर्किट रॅकमध्ये ठेवून नुसता पॉट पायाखाली आणा. आकृतीत सेंड-रिटर्न उलटे काढले, त्यातच सारं समजलं. आधी वाजवायला शिका, मग वायरी जोडा."

(लूप म्हणजे सिग्नल ‘सेंड’ने बाहेर नेऊन ‘रिटर्न’ने परत आणायची वाट, आणि पॉट म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणामागे असतो तसा फिरवायचा रेझिस्टर.) आधी जे बरोबर आहे ते मान्य करते. आकृतीत डिलेच्या (प्रतिध्वनी देणाऱ्या यंत्राच्या) लूपवर सेंडच्या जागी रिटर्न पडलं होतं. चूक माझीच, आकृती दुरुस्त केली आहे आणि लक्षात आणून दिल्याबद्दल आभार. लेखाच्या मजकुरात मात्र ते बरोबर होतं, आणि त्या लूपचा वाहशी काडीचा संबंध नव्हता, एवढंही नोंदवून ठेवते.

आता दुकानदारी.

हा शब्द तुम्ही सहज टाकून दिलात. दुकानदारी म्हणजे गरज नसलेली वस्तू माणसाच्या गळ्यात मारणं. मी आजवर एकही बफर विकलेला नाही. लेखात दिलेला बफर म्हणजे टीएल०७२ ही एक आयसी, चार रेझिस्टर आणि तीन कॅपॅसिटर. नागपुरात बर्डीवर सुट्या पार्टांच्या दुकानात जाऊन कोणीही घेऊन येऊ शकतो, आणि डबा व जॅक सोडले तर शंभराची नोटही मोडायला लागत नाही. सर्किट मी फुकट दिलं, कोणता पाय कुठे जोडायचा तेही लिहिलं. यात दुकान कुठे दिसलं तुम्हाला?

आणि मला हा शब्द का लागला तेही सांगते. माझे बाबा इतवारीत रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचे. बदललेला पार्ट ते एका लहान कागदी पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. जळका रेझिस्टर असो की फुगलेला कॅपॅसिटर, "हा तुमचा, हा काढला" असं म्हणून पुडी पुढे करायचे. गिऱ्हाईक ती बाहेर जाऊन फेकून द्यायचं, तरी बाबांनी पुडी द्यायची कधी सोडली नाही. त्याच टेबलावर नवव्या वर्षी मी सोल्डर धरायला शिकले. दुकानदारी आणि दुरुस्ती यांतला फरक मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही.

बरं, भावना बाजूला ठेवू आणि आकड्यांवर येऊ. गिटारचा पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडणारा भाग, ही तारेची गुंडाळी आहे. साधा सिंगल कॉइल घेतला तर त्याचा इंडक्टन्स साधारण ३ हेन्री धरा. गिटार केबलची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. ही दोन्ही मिळून एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला उठाव येतो, तिच्या वर आवाज झपाट्याने उतरतो. पिकअपचा उजळपणा म्हणतो तो तिथेच असतो. ६ मीटरची एकच केबल असेल तर हा उठाव सुमारे ३.७५ किलोहर्ट्झला येतो. आता त्याच गिटारपुढे ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल सरळ पलीकडे सोडणारा) वाह ठेवा आणि तिथून ८ मीटरची केबल रॅककडे न्या. वाह बंद असताना पिकअपला सलग १४ मीटर केबल दिसते, आणि उठाव सुमारे २.४५ किलोहर्ट्झवर घसरतो. तार तीच, बोटं तीच, पण आवाजावर कोणी घोंगडी टाकल्यासारखं होतं. वाहला लागून बफर बसवला की पिकअपला फक्त पहिले ६ मीटर दिसतात. पुढचे ८ मीटर बफर ओढतो, आणि त्याचा आउटपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) इतका कमी असतो की त्याला तेवढ्या केबलचं काहीच वाटत नाही.

बफर वाहच्या आधी का नाही, हे विचारलं असतं तर तो प्रश्न चांगला होता. जुन्या घडणीच्या वाहचा इनपुट इम्पिडन्स फार कमी, एक लाख ओहमच्या आतबाहेर असतो. तो पिकअपवर थोडं ओझं टाकतो, आणि त्या ओझ्यामुळे वाहला जो मऊपणा येतो तो मला हवा असतो. आधी बफर लावला तर वाह चालतो, पण कडक लागतो. पण तुम्ही तो प्रश्न विचारलाच नाही, तुम्ही शब्द फेकला.

आणि हे मी नुसत्या कागदावर मांडून सांगत नाही. २०११ च्या नवरात्रात आम्हाला सलग नऊ रात्री गरब्याचा कार्यक्रम होता. रॅक ड्रमरच्या मागे, मी पुढे. तिसऱ्या रात्री आमचे कीबोर्डवाले काका म्हणाले, "पोरी, तुझी गिटार मागच्या खोलीतून ऐकू येते आहे." मी अँपचा ट्रेबल वाढवला, प्रेझेन्स वाढवला, शेवटी तारा बदलल्या. काही उपयोग झाला नाही. पाचव्या दिवशी दुपारी घरी बसून बफर जोडला आणि साबणाच्या प्लास्टिक डबीत घालून पेडलच्या बाजूला टेपने चिकटवला. त्या रात्री काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, बोलले काही नाहीत. ती डबी पुढे दोन वर्षं चालली. हिला तुम्ही दुकानदारी म्हणता.

बाकी मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही.

पॉट पायाखाली आणि सर्किट रॅकमध्ये, हे मी करून बसलेली आहे. वाहचा पॉट पंख्याच्या रेग्युलेटरसारखा बाजूला राहून काम करत नाही, त्यातून आवाजच जातो. या पेडलचा जन्मच तसा आहे. नोव्हेंबर १९६६ मध्ये थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट यांनी व्हॉक्स अँपमधल्या मिडरेंज बूस्टच्या स्विचच्या जागी पॉट लावून पाहिला, आणि मग ते सर्किट ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलच्या सांगाड्यात बसवलं. तो पॉट ८ मीटर लांब वायरीवर टांगलात तर आवाजाची ती वाट ८ मीटर जाऊन परत येते आणि वाटेतला सगळा कचरा गोळा करते. शिवाय वाहच्या आत इंडक्टर, म्हणजे तारेची एक गुंडाळी, असतो. पॉवर अँपच्या ट्रान्सफॉर्मरशेजारी तो ठेवलात तर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र त्यात थेट शिरतं. माझ्या रॅकमध्ये टाच दाबली की गुरगुर यायची, चवडा दाबला की तीच गुरगुर भुणभुण व्हायची, कारण वाह हमच्या, म्हणजे विजेच्या त्या घरघरीच्या, वरच्या हार्मोनिक्सनाही (पटीतल्या सुरांनाही) उचलून धरत होता. झाकण काढून इंडक्टर बोटाने काटकोनात फिरवला तेव्हा हम निम्म्याहून कमी झाला, पण गेला नाही. दोन खण वर सरकवला तेव्हा गेला, आणि पॉटच्या वायरीतला तरी राहिलाच. नीट करायचं तर पायाकडून फक्त डीसी व्होल्टेज यायला हवा आणि फिल्टर त्याच्या तालावर फिरायला हवा. ते सर्किटच वेगळं. "नुसता पॉट" म्हणण्याइतकं ते सोपं नाही.

लूपचं म्हणाल तर रॅक प्रीअँपचे बरेचसे लूप लाइन लेव्हलचे, म्हणजे गिटारपेक्षा बऱ्याच जोरदार सिग्नलचे असतात, +४ डीबीयूपर्यंत. ९ व्होल्टवर चालणारा वाह त्या लेव्हलला कण्हतो. आणि डिस्टॉर्शननंतर वाह लावला की तो बोलत नाही, नुसता झाडू मारतो. कुणाला तो आवाज आवडत असेल तर आनंदाने लावावा. माझ्या लेखाचा तो विषय नव्हता.

आता "आधी वाजवायला शिका". सुरुवात "ताई" म्हणून करायची आणि शेवट असा. समोर गिटारवाला पुरुष असता तर हे वाक्य लिहिलं असतं का, हे तुमचं तुम्ही ठरवा. २००३ पासून मी स्टेजवर आहे. गणपतीत महालातल्या अरुंद बोळांतल्या मांडवांत वाजवलं आहे, मे महिन्यातल्या लग्नांत रात्री दहाला लोखंडी स्टँड हाताला गरम लागतो तिथे वाजवलं आहे, जनरेटरवर वाजवलं आहे जिथे व्होल्टेज हलला की डिलेचा डिस्प्ले विझायचा. पहिली चार वर्षं आयोजक मला गायिका समजून माइककडे पाठवायचे आणि मी गिटार खांद्याला लावेपर्यंत त्यांना पटायचं नाही. तेव्हा मी कोणाशी भांडले नाही, जॅक लावला आणि वाजवलं. तुमच्याशी भांडते आहे, कारण हा लेख वाचून पहिला रॅक उभा करणारी मुलं आहेत. त्यातल्या दोघांनी बफर बनवून मला फोटो पाठवले आहेत. तुमचं एक वाक्य वाचून त्यांनी तो काढून टाकला तर त्यांचा आवाज मरेल, आणि त्यांना वाटेल की आपल्या बोटांतच खोट आहे. मला तेच वाटलं होतं, पाचव्या दिवसापर्यंत.

भाषा माझीही दोन ठिकाणी तिखट झाली आहे, ती तशीच ठेवते. पण एवढ्या ओळी लिहून तुम्ही एक गोष्ट कुठेच सांगितली नाहीत. तुमचा पिकअप कोणता, आणि गिटारपासून प्रीअँपपर्यंत तुमची केबल एकूण किती मीटर? मोजा आणि इथेच लिहा. उठाव कुठे येतो ते मी हिशोब करून सांगते.