भाच्याच्या ट्यूबबद्दल, बीडच्या दादांना

दादा, तुमची कमेंट रात्रीच वाचली पण रागाच्या भरात काही लिहायचं नव्हतं म्हणून आज पोरगी शाळेत गेल्यावर बसले. तुमचं म्हणणं असं की मी लहान लेकरांना स्टिरॉइड लावायला सांगायलेय, स्किनचे डॉक्टर सोरायसिस (खपल्यांचे चट्टे उठणारा कातडीचा आजार) नुसता दाबून ठेवतात, मुळापासून काढत नाहीत, आणि मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचं औषध लेकराला देणं म्हणजे पाप. त्याला तुम्ही भाच्याचं उदाहरण दिलं, मेडिकलवरून ट्यूब आणली, चार दिवसात चट्टे गेले, बंद केली तर दुप्पट वर आले.

भाच्यापासूनच सुरू करते, कारण रात्रभर माझ्या डोक्यात तेच होतं. ती ट्यूब कोण्या डॉक्टरनी लिहून दिली असं तुमच्या कमेंटमध्ये कुठंच नाही. आमच्या घरी पण हेच झालेलं. पोरीच्या कोपरावर गोल चट्टा दिसला, सगळे म्हणाले गजकर्ण आहे, मेडिकलवाल्यानं एक ट्यूब दिली आणि आम्ही दोन महिने लावली. नंतर कळलं की तो सोरायसिस होता, आणि त्या एकाच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल असं तिन्ही होतं, आणि क्लोबेटासोल हे लावायच्या स्टिरॉइडमध्ये सगळ्यात जोरदार गटातलं. लेकराचं वजन कमी आणि त्या मानानं कातडी जास्त, त्यामुळं मोठ्या माणसापेक्षा त्याच्या अंगात ते जास्त मुरतं. कातडी पातळ पडते, मांडीत जांघेत रेघा उमटतात, लई दिवस लावलं तर वाढीवर पण परिणाम होतो. म्हणूनच २०१८ मध्ये सरकारनं असल्या स्टिरॉइडच्या मलमांना शेड्यूल एचमध्ये घातलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचंच नाही. तरी मिळतंय, हे तुम्हाला माहिती आहे अन् मला पण.

स्किनच्या डॉक्टरनी आम्हाला जे दिलं ते पण स्टिरॉइडच होतं, खोटं कशाला बोलू. पण हलकं, मोजून, बोटाच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ म्हणजे मोठ्या माणसाच्या दोन तळहाताएवढ्या जागेला पुरते असं करून दाखवलं, काही आठवडे रोज, मग फक्त शनिवार रविवार आणि मधल्या दिवसांत कॅल्सिपोट्रिऑल, हे स्टिरॉइड नसलेलं मलम. चेहऱ्यावर आणि जांघेत टॅक्रोलिमस, ते पण बिनस्टिरॉइडचं मलम, ते पहिले काही दिवस जरा जळजळतं, तेव्हा पोरगी रडायची, मी पण रडले. आणि सगळ्यात जास्त वेळ डॉक्टर कशावर बोलले तर आंघोळीनंतर लगेच, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावण्यावर. परभणीच्या थंडीत ते एक दिवस चुकलं तरी खपल्या दिसतात.

आता तुमचं ते मुळापासून काढायचं. दादा, सोरायसिसचं मूळ कातडीत नाहीच, शरीराची इम्युनिटीच चुकीच्या वेळी पेटते आणि जी कातडी नवी व्हायला महिनाभर लागतो ती चार-पाच दिवसात वर येते, म्हणून त्या चंदेरी खपल्या. घराण्यात असलं तर शक्यता वाढते, पण एकाचं दुसऱ्याला लागत नाही, हे शाळेतल्या बाईंना मला तीनदा जाऊन सांगावं लागलं. लेकरांमध्ये एक प्रकार असतो, घसा दुखून गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी अंगभर पावसाच्या थेंबासारखे बारीक ठिपके उठतात, तो स्ट्रेप्टोकोकसच्या इन्फेक्शननंतर येतो आणि बऱ्याच लेकरांचा काही महिन्यांत आपोआप जातो. तेव्हा कुणी काढा दिलेला असला की श्रेय काढ्याला. मी काढ्याच्या विरोधात नाही, पण त्यात काय घातलंय हे देणाऱ्याला विचारलं आणि त्यानं सांगितलं नाही तर लेकराला देऊ नका. आमच्या सासूबाईंनी तर दही, वांगं, आंबट सगळं बंद केलं, पोरगी दीड महिना नुसत्या वरणभातावर, आणि चट्टे जिथल्या तिथं.

मेथोट्रेक्सेट. हो, कॅन्सरमध्ये वापरतात, पण तिथला डोस कितीतरी मोठा. सोरायसिसमध्ये लेकराच्या वजनावर, किलोमागं साधारण ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम आणि तेही आठवड्यातून एकदाच, सोबत फोलिक ॲसिड, आधी आणि मधूनमधून रक्त आणि लिव्हरची तपासणी. चुकून रोज दिलं तर जिवावर बेततं, म्हणून आम्ही कॅलेंडरवर वार गोल करून ठेवलाय. आणि हे पहिल्या दिवशी कुणी देत नाही, मलमानं भागत नाही, अंगभर पसरलंय, सांधे दुखायलेत, तेव्हा. त्याआधी बऱ्याचदा लाइटचे डोस सुचवतात, नॅरोबँड यूव्हीबी म्हणजे ठराविक अतिनील किरणं अंगावर घ्यायची, पण आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं आणि पेटीत गॉगल लावून एकटं उभं राहावं लागतं, आपल्याकडं तालुक्यातून जिल्ह्याला रोजगार बुडवून कोण नेणार. इंजेक्शनं पण आहेत, एटानरसेप्टला अमेरिकेत २०१६ मध्ये ४ वर्षांवरच्या लेकरांसाठी मंजुरी मिळाली, सेक्युकिनुमॅबला २०२१ मध्ये ६ वर्षांवरच्यांसाठी, पण आपल्यासारख्यांना तो खर्च झेपत नाही.

दाबून ठेवतात म्हणता, तर हो, ताब्यात ठेवतात. पण पोरगी दोन वर्षांनी हाफ बाह्यांचा फ्रॉक घालून गॅदरिंगला नाचली, मला त्याच्यापुढं शब्दावरून भांडायचं नाही.

तुम्हाला एकच विनंती. भाच्याची ती ट्यूब फेकू नका आणि परत लावू पण नका, खोक्यासकट स्किनच्या डॉक्टरकडं न्या, किती दिवस आणि कुठं कुठं लावली ते सांगा. नखांवर बारीक खड्डे आहेत का, सकाळी उठल्यावर बोटं किंवा गुडघा आखडतो का, मध्यंतरी घसा दुखला होता का, हे बहिणीला विचारून ठेवा. आणि कुणी पटकन बरं वाटावं म्हणून स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन द्यायला लागलं तर आधी त्यांना सोरायसिसचं नाव सांगा, कारण ते थांबवल्यावर अंगभर पूचे फोड उठू शकतात. अंग लालभडक झालं, थंडी वाजून ताप आला तर ओपीडीच्या दिवसाची वाट पाहू नका, तसंच घेऊन निघा. डॉक्टरांनी काय सांगितलं ते इथंच लिहा, मी वाट बघते.